कावळ्यांची काठी

राजेळी केळं सालीसकट निखाऱ्यावर ठेवलं की बराच वेळ काहीच होत नाही. मग साल काळी पडते, शिवणीवर उलते आणि आतला पाक सुर्र करून राखेत पडतो. तो आवाज आला की केळं उचलायचं, नाहीतर कडवट होतं. त्या रविवारी मी चुलीपुढे बसून त्या आवाजाची वाट पाहत होते, पण माझे कान तिथे नव्हते. माझ्या मागे उंबऱ्यावर विनी बसली होती आणि माझ्या हातात बेकिंग पावडरचा डबा होता. डब्यात मी मुद्दाम चमचा टाकून ठेवला होता.

मागे न बघता मी डबा खडखडवला. मग हळूच वळून पाहिलं. विनी उंबऱ्यावरून चाललेल्या मुंगळ्याकडे बघत होती.

पुन्हा खडखडवला, जोरात. पडवीत निजलेली मांजर ताडकन उठली आणि निघून गेली. विनीनं मुंगळ्याला बोट दाखवलं आणि हसली.

"काय गो, सकाळपासून डबे बडवतेस?" अंगणातून सासूबाई ओरडल्या. "उंदीर शिरलाय काय?"

"चमचा अडकलाय, आई."

"चमचा डब्यात आणि डबा पोरीच्या पाठीमागे. बघतेय मी कधीपासून."

तेवढ्यात सुर्र झालं होतं, माझ्या लक्षातच आलं नाही. एक केळं गेलं.

माझी विनी तीन वर्षांची व्हायला आली होती आणि बोलत नव्हती. 'म्म' म्हणायची, भूक लागली की म्हणायची आणि भिंतीकडे बघूनही म्हणायची. शेजारच्या वाडीतल्या चंद्रकांताचा सोनू तिच्याहून लहान, पण बोलून बोलून आईचं डोकं उठवायचा. मी नवऱ्याला, व्हॅलेरियनना, सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमचा आलोशियस काका शाळेत जाईपर्यंत तोंड उघडत नव्हता. नंतर मिस्साला वाचन करायला उभा राहिला की त्याला थांबवायला फादरना खाकरावं लागायचं." झालं. घरात विषय निघाला की आलोशियस काका पुढे यायचे. "तुझा स्वभावच तसा," ते म्हणायचे, "कुलूप लावून चारदा ओढून बघणारी तू."

आहे माझा स्वभाव तसा. पण कुलूप खरंच उघडं राहतं कधीकधी.

पावसाळ्यात एकदा मी सासूबाईंपुढे तो विषय काढला होता. "आई, मला वाटतं विनीला ऐकू येत नाही." त्या भात कांडत होत्या. मुसळ तसंच हातात धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझ्या नातीला बहिरी म्हणतेस? तिच्या सख्ख्या आईनं म्हणायचं हे?" त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. त्यानंतर सांडोर गावातल्या आमच्या घरात कुणी तो शब्द उच्चारला नाही, आणि मी डब्यात चमचे टाकू लागले.

मला छळायची ती मात्र कावळ्यांची काठी. पावसाळा संपून ऊन कडक झालं की आमच्या अंगणात बांबूचा मांडव उभा राहतो, कमरेएवढ्या उंचीचा. कामट्यांवर सोललेली राजेळी केळी ओळीनं मांडायची. रोज उलटायची, संध्याकाळी झाकायची. आठवडाभरात ती आक्रसून मधाच्या रंगाची सुकेळी होतात. तोपर्यंत राखण. सासूबाई बाजूला स्टूल टाकून बसायच्या, विनी मांडवाच्या मोकळ्या कोपऱ्यावर पाय लोंबकळत सोडून, आणि कावळा उतरला की सासूबाई हातातली काठी बांबूवर हाणायच्या. ठाक! कावळा उडायचा आणि विनी वळून हसायची. दर वेळी. पाठमोरी असली तरी वळायची. मी कितीदा लपून पाहिलं होतं.

"काठी ऐकते ती," सासूबाई म्हणायच्या. "मग तुझा डबा ऐकत नसेल तर डब्यालाच काहीतरी झालंय."

सगळ्या खुणा एकीकडे असत्या तर मी एकदाच रडले असते आणि उठून कामाला लागले असते. पण ही काठी मध्ये यायची. रात्री मी ठरवायचे की हिला ऐकू येत नाही. सकाळी ठाक व्हायचं, विनी वळायची आणि मी स्वतःला शिव्या द्यायचे. मग दुपारी तिच्या मागे ताटली पडायची आणि ती ढिम्म.

सप्टेंबरात वांद्र्याच्या जत्रेला गेलो होतो तेव्हा मेणबत्त्यांच्या गर्दीत सिस्टर लूर्डस भेटल्या. कॉलेजात असताना मी त्यांच्या हॉस्टेलमध्ये होते. आता त्या मूकबधिर मुलांच्या एका शाळेत शिकवत होत्या. व्हॅलेरियन विनीला खांद्यावर घेऊन पुढे गेले तेवढ्यात मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. सिस्टर म्हणाल्या, "आधी मला तिच्या घरात बघू दे. परक्या ठिकाणी मुलं बुजतात. चहाला येते. काय करशील? स्कोन?"

स्कोन हा चहाबरोबर खायचा गोल, जाडसर विलायती पदार्थ. हॉस्टेलच्या म्हाताऱ्या आयरिश मदरनी सिस्टरना शिकवलेले स्कोन सिस्टरनी मला शिकवले होते. घरी मी एवढंच सांगितलं, "आमच्या सिस्टर चहाला येतायत." त्या कशाला येतायत ते व्हॅलेरियनना सांगितलं नाही आणि सासूबाईंना तर नाहीच.

म्हणून ती केळी, म्हणून ते निखारे.

लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं, भुरभुरीत होईतो. साखर थोडी, कारण केळ्यात पाक असतो. भाजलेली केळी थंड करून, तुकडे करून, फडक्यावर पसरून ठेवायची म्हणजे पीठ ओलंगच्च होत नाही. मग दूध घालून हलकंच एकत्र आणायचं आणि हात काढून घ्यायचा. सिस्टर म्हणायच्या, "हे पीठ आहे, कपडे नव्हेत. धुऊ नका." पण मी मळत बसले. मळताना दारातून मांडव दिसत होता. विनी कोपऱ्यावर बसली होती. ठाक झालं, विनी वळली. मी मळत राहिले.

लग्नात आलेला गोल इलेक्ट्रिक ओव्हन मी बाहेर काढून पुसून ठेवला होता. बटण दाबलं आणि लाईट गेली.

"रविवारी नेमकी जाणारच," व्हॅलेरियन पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

मी तिथेच खाली बसले. रडायलाच आलं मला, एवढ्याशा गोष्टीवर. सासूबाई आत आल्या, पिठाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"एवढं काय तोंड करतेस? नाताळचा केक मी काय लाईटवर भाजते?" त्यांनी जाड बुडाचा टोप काढला, तळाला वाळू पसरली, त्यावर वाटी उपडी ठेवली. "आण तुझे ते पाव."

"पाव नाही आई, स्कोन."

"पाव नाय, बिस्कीट नाय, मग हाय तरी काय ते?" पण हात चालू होते त्यांचे. मी पेल्याच्या काठानं गोल कापले, थाळीत लावले. त्यांनी थाळी आत सोडली, झाकण ठेवलं, झाकणावर चिमट्यानं निखारे रचले आणि पंखा हलवत बसल्या. राख त्यांच्या पांढऱ्या केसांवर उडत होती. त्यांना ठाऊक नव्हतं त्या कशासाठी निखारे फुलवत होत्या. मी तिथे उभी राहू शकले नाही. विनीचं तोंड धुवायच्या निमित्तानं बाहेर गेले.

सिस्टर दुपारी टांग्यातून उतरल्या. हातात लहानशी पिशवी, डोळ्यांवर जाड चष्मा. अंगणात, मांडवाच्या सावलीच्या बाजूला आम्ही खुर्च्या टाकल्या होत्या. मी स्कोनची थाळी मांडवाच्याच मोकळ्या कडेवर ठेवली, कारण टेबल आत होतं आणि माझ्यात पुन्हा आत जायचा धीर नव्हता. दुसरा घाणा टोपात लावलेलाच होता.

सिस्टरनी एक स्कोन उचलला, मोडला, चावला.

"मार्गारेट," त्या म्हणाल्या, "पीठ फार मळलंस."

"हो, सिस्टर."

"पण केळं छान आहे. हे मदरना सुचलं नसतं."

"केळं आमच्या वाडीतलं हाय," सासूबाई म्हणाल्या. "त्याला कसंही करा, छानच लागतं. बाकीचं जे काय हाय त्याला मी दात लावणार नाय, दोनच उरलेत."

सिस्टर हसल्या. व्हॅलेरियनही हसले. मी चहा ओतला तो बशीतच जास्त पडला.

विनी मांडवाच्या कोपऱ्यावर चढून आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिला कुंपणाबाहेरची म्हैस बघायची होती. सिस्टर तिच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. चहा पितापिता खुर्ची थोडी मागे सरकवली. कागदाची पुडी चुरगळली. थोड्या वेळानं खोकल्या. मग चमचा कपावर वाजवला. व्हॅलेरियन कामाच्या गोष्टी सांगत होते. मी त्यांच्याकडे बघून मान हलवत होते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून विनीची वेणी पाहत होते. वेणी हलली नाही.

सिस्टरनी पिशवीतून छोटी पितळी घंटा काढली आणि मांडीआड वाजवली.

सासूबाईंनी वळून पाहिलं.

"सिस्टर, ती घंटा मिस्साची काय? ती देवळात ठेवून यायची होती."

सासूबाईंनी सिस्टरकडे पाहिलं, मग विनीच्या पाठीकडे, मग माझ्याकडे. त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"हिनं बोलावलंय तुम्हाला," त्या म्हणाल्या. "चहा नाय, काय नाय. केळी भाजली, लोणी ओतलं, मी म्हातारी निखारे फुलवत बसले, ते ह्याच्यासाठी."

"मार्गारेट?" व्हॅलेरियन उठून उभे राहिले.

"हो," मी म्हणाले. "ह्याच्यासाठीच."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं होतं. तुम्ही आलोशियस काकांचं सांगितलंत."

"आई," सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मी रोज अशी मुलं बघते. बघण्यात काही अपमान नाही."

"मग बघाच." सासूबाई उठल्या. स्टुलाला टेकवलेली काठी त्यांनी उचलली. "तुमची घंटा राहू दे. आता आमची बघा."

मांडवाच्या त्या टोकाला एक कावळा आलाच होता, केळ्यांकडे मान वाकडी करून. विनी इकडे पाठ करून म्हशीकडे बघत होती. सासूबाईंनी काठी बांबूवर हाणली.

ठाक!

कावळा उडाला. विनी गर्रकन वळली, आजीकडे पाहून तिनं दोन्ही हात वर केले आणि खळखळून हसली.

"अरे," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी घंटा पिशवीत टाकली.

"पाहिलंस?" व्हॅलेरियन म्हणाले. त्यांचा आवाज ओला होता. तेव्हा मला कळलं की तेही रोज बघत होते, फक्त माझ्यासारखं बोलत नव्हते. "पाहिलंस ना मार्गारेट?"

मी पाहिलं होतं. मला एकदम हलकं वाटलं. वेडी ठरले तर ठरले. जन्मभर सासूबाईंचे टोमणे खाईन, आनंदानं खाईन.

"आणखी एकदा बघा," सासूबाई म्हणाल्या. आता त्या जिंकल्या होत्या. ठाक!

मी थाळी उचलायला हात पुढे केला होता. थाळीबाहेर, बांबूच्या कामटीवर स्कोनचे कण पडले होते. काठी पडली तशी ते कण उडाले. अगदी एवढेसे उडाले, कामटीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पडले. थाळीतल्या उरलेल्या दोन स्कोनपैकी एक थरथरला.

आणि विनी हसत होती. कामट्यांवर बसून, उघड्या मांड्या टेकून, दोन्ही तळवे बांबूवर ठेवून.

मी हात कामटीवर टेकवला. "आई, पुन्हा मारा," मी म्हणाले. त्यांना वाटलं मला आनंद झालाय. त्यांनी मारली. माझ्या तळव्यातून कोपरापर्यंत झणका गेला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही नादकाटा वाजवून दातांना लावायचो आणि कवटीतून आवाज ऐकून खिदळायचो. मला ते आठवलं.

मी थाळी उचलून आत जाऊ शकले असते. सगळे हसत होते. सिस्टरना चहा द्यायचा होता, दुसरा घाणा काढायचा होता. अजून वर्षभर आम्ही असेच हसलो असतो. ऊन पडलं असतं, मांडव उभा राहिला असता, काठी पडली असती.

मी विनीला उचललं. मांडवापासून लांब नेलं. अंगणातल्या क्रुसाच्या पलीकडे, भुसभुशीत मातीवर तिला उभी केली. तोंड कुंपणाकडे. हातात स्कोन दिला. मी स्वतः तिच्या पुढे उभी राहिले नाही, मागेही नाही. बाजूला झाले, माझी सावलीही तिच्यावर पडू नये म्हणून.

"आता मारा, आई."

"तिला खाली कशाला उतरवलीस?"

"मारा ना. जोरात मारा."

काठी पडली. मांडवावर चोर पावलांनी परतलेले, माडावर बसलेले सगळे कावळे एकदम उठले. पलीकडे म्हशीनं मान वर केली.

विनी स्कोनमधला केळ्याचा तुकडा बोटानं उकरून काढत होती.

सासूबाईंनी पुन्हा मारली. पुन्हा. मग त्यांनी हाक मारली, "विनी!" त्या कधी तिला ओरडून हाक मारत नसत. "विनी गो! बाय माझी!" काठी मारता मारता उभी चिरली, तरी त्या मारत होत्या, आणि मांडवावरची केळी उड्या मारून ओळीतून बाहेर पडत होती. व्हॅलेरियननी जाऊन त्यांचा हात धरला. "आई. बस."

विनीनं तुकडा तोंडात टाकला.

सासूबाई स्टुलावर बसल्या. चिरलेली काठी त्यांनी मांडीवर घेतली. मी त्यांच्याजवळ जावं की जाऊ नये मला कळेना. माझंच खरं ठरलं होतं.

"औषध हाय काय ह्याच्यावर?" त्यांनी सिस्टरना विचारलं, वर न बघता.

"आधी डॉक्टर तपासतील. किती ऐकू येतं, थोडंतरी येतं का, ते कळू दे. कानाला यंत्र लावतात काही मुलांना. ओठ बघून बोलणं शिकवतो आम्ही." सिस्टरनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, कष्ट आहेत. आणि आज मीही फसले होते, आई. हिनं तिला खाली उतरवलं नसतं तर मी चहा पिऊन परत गेले असते. मंगळवारी आमच्या शाळेत आणता?"

व्हॅलेरियन म्हणाले, "मी रजा टाकतो."

"रजा टाक नाय तर नको टाकू," सासूबाई म्हणाल्या. "मी जाणार. पोर माझ्याशिवाय परक्याजवळ जात नाय." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते, पण जीभ तीच होती. "आणि तू. चोरून बोलावतेस? मला सांगितलं असतंस तर काय मी खाल्लं असतं तुला?"

"त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात, आई."

कावळे हळूहळू मांडवावर उतरू लागले आणि कुणी त्यांना हाकललं नाही.

माझ्या साडीला हिसका बसला. विनी. तिनं नाक वर केलं होतं, आक्रसलं होतं, आणि एका हातानं मला ओढत दुसऱ्या हातानं ती स्वयंपाकघराकडे बोट दाखवत होती.

मग आम्हालाही वास आला.

"दुसरा घाणा!" सासूबाई उठल्या, माझ्या आधी पोचल्या. झाकण बाजूला केलं तर धूरच धूर. स्कोन वरून सोनेरी होते आणि खालून कोळसा. व्हॅलेरियन दारातून म्हणाले, "फेकून द्या आता," आणि सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते परत बाहेर गेले, कावळे हाकलायला.

त्या लांब बाकावर बसल्या आणि सुरीनं एकेका स्कोनचं बूड खरवडू लागल्या. विनी बाकाच्या दुसऱ्या टोकावर चढून बसली, भिंतीकडे तोंड करून. सासूबाईंनी खरवडणं थांबवलं. बोटांची पेरं वाकवून बाकाच्या फळीवर दोनदा वाजवली, हलकेच.

विनी वळली.

सासूबाईंनी खरवडलेला तुकडा पुढे केला आणि तोंड मोठ्ठं उघडून, सावकाश, म्हणाल्या, "घे." मग माझ्याकडे न बघताच, "मैदा हाय ना अजून? सिस्टरांना रिकाम्या हातानं पाठवायचं नाय. लाव पुन्हा पीठ. आणि ह्या खेपेला धुऊ नकोस."

त्यांनी सिस्टरचं ते वाक्य माझ्याकडून कधी ऐकलं होतं कोण जाणे.

मी मैदा चाळला. लोणी घेतलं, बोटांच्या टोकांनी चोळायला लागले. भुरभुरीत झालं की थांबायचं, एवढंच तर होतं. पण मागे फळीवर पुन्हा टकटक झाली, मी वळून पाहिलं, विनीही वळली होती. आणि मी पाहता पाहता चोळत राहिले, मळत राहिले. मंगळवार अजून लांब होता.